बागेला पाणी

३ फेब्रुवारी

माननीय साहेब,

नमस्कार करावा की आशीर्वाद द्यावा हे ठरत नाही, म्हणून दोन्ही सोडून सरळ कामाचं लिहिते.

सोमवारी तुला कुंपणाच्या जाळीतून पाहिलं. डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात गुंडाळलेला नकाशा, आणि चालणं थेट बाबांचं, डावा खांदा जरा खाली. हाक मारणार होते. पण तुझ्याबरोबर चार माणसं होती आणि चारही जण तुला सर म्हणत होते, त्यात माझं ‘धाकट्या’ कुठे बसणार? शहरात येऊन तुला महिना झाला म्हणे. फाटकापासून आमचं घर अजूनही तिथेच आहे, हाकेच्या अंतरावर. असो. पत्राचं कारण ते नाही. हे वाक्य मी आधीच्या कागदावर दोनदा लिहून खोडलं, त्यावरून काय ते समज.

कारण असं की फाटकाबाहेर नवा नकाशा लावलाय. जुना मुलाम्याचा कारखाना साफ करून तिथे काय काय होणार ते रंगीत दाखवलंय. विकायची घरं, दुकानं, आम्हा जुन्या कामगारांसाठी एक इमारत. चांगलं आहे. इतकी वर्षं ती जागा कुणी विकत घेईना, फुकट दिली तरी नको म्हणत होते, आता माती धुऊन, उपसून, तपासून माणसं राहणार आहेत. तपासणीचा प्रमुख तू आहेस हे वाचून मला काय वाटलं ते लिहीत नाही.

पण नकाशात मागच्या भिंतीजवळ हिरवा चौकोन आहे. त्यावर लिहिलंय, ‘जुनी बाग’. आणि त्याच चौकोनात बालवाडीचं खेळायचं मैदान दाखवलंय.

तू मोठमोठ्या जागा साफ केल्यास, तेव्हा घराजवळचं विसरला असशील. आठवण करून देते. कारखान्यात बाग कधीच नव्हती. बाग म्हणजे मागचा खड्डा. नळांना आणि कड्यांना मुलामा देऊन देऊन टाकीतलं पाणी उतरलं की ते पिवळं पाणी आणि तळाचा गाळ रात्रपाळीच्या आधी त्या खड्ड्यात सोडायचे. तपासनीस कधी अचानक यायचे, म्हणून मुकादमांनी त्याला नाव ठेवलं बाग. ‘बागेला पाणी घातलं का?’ असं ते भर फाटकात तपासनिसासमोर विचारायचे आणि बाबा तोंड गंभीर ठेवून म्हणायचे, ‘घातलं, चांगलं मुरलं.’ तो बिचारा तपासनीस म्हणायचा, छान, झाडं हवीतच.

बाबांनी तुझ्यावर आयुष्यात एकदाच हात उचलला, तो तू चेंडू आणायला बागेत उतरलास म्हणून. त्यानंतर तुझे पाय त्यांनी स्वतः नळाखाली किती वेळ धरले होते ते मी पाहिलंय. म्हणून म्हणते, नकाशात नजरचूकच झाली असणार. चौकोन खणून काढा आणि मुलांना दुसरीकडे खेळवा. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, नुसता नकाशा बदल.

टांगणी खात्यातली, नळांना आकडे लावणारी एक बाई


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

नकाशा तोच आहे. फाटकावरचा पहारेकरी म्हणतो, सरांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. फाडलं नाहीस हे बरं केलंस.

‘बाग’ तुमच्या नकाशात कशी शिरली त्याचा शोध मी लावलाय. ऐक, हसशील. पूर्वीचा तू हसला असतास.

तुमच्या ऑफिसातली ती चुणचुणीत मुलगी, जुन्या माणसांच्या आठवणी टेप करून घेत फिरते ना, ती मुकादमांकडे गेली होती. तुझे दाजी तिथेच बसले होते, त्यांच्याकडूनच कळलं. तिने विचारलं, आजोबा, टाकीतलं खराब पाणी तुम्ही कुठे सोडायचात? आणि मुकादम म्हणाले, ‘आम्ही फक्त बागेला पाणी घालायचो.’ लबाडी म्हणून नव्हे रे. कारखाना बंद पडून जमाना झाला, मालक गेले, तपासनीसही मेले असतील, पण कागद-पेन घेऊन कुणी समोर बसलं की म्हाताऱ्याच्या तोंडून तेच वाक्य आपोआप निघतं. जन्मभराची सवय. तुझे दाजी म्हणतात, बोलून गेल्यावर मुकादम स्वतःच दचकले. पण पोरगी खूश झाली होती, अगं बाई, बाग पण होती का, म्हणून तिने लिहून घेतलं. तिच्या तोंडचं हसू घालवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. मग झाली अळीमिळी गुपचिळी.

मी त्या मुलीला गाठलं. ती वाईट नाही. म्हणाली, आजी, तिथली माती आम्ही तपासली की, अगदी स्वच्छ आलीय, म्हणून तर मैदान तिथे घेतलं. मी विचारलं, किती खोलवरची? म्हणाली, बागेची जागा असेल तर वरवरची बघतात, एक फूटभर. मी कपाळाला हात लावला. कारखाना बंद करताना मालकांनी ट्रकने चांगली माती आणून त्या खड्ड्यावर पसरली होती आणि वर गवत लावलं होतं. तुम्ही ती आणलेली माती तपासलीत. म्हणजे पाहुण्यांना वरची साय दाखवायची आणि दूध नासलंय ते सांगायचं नाही.

तिने हे सगळं तुला सांगितलं. तू तिला काय म्हणालास तेही तिने मला सांगितलं. ‘त्या बाई जरा भावनिक आहेत.’

‘त्या बाई.’ तुला अ आ इ ई शिकवणाऱ्या त्या बाई. तुझ्या नाकाला शेंबूड असायचा तेव्हा पदर पुढे करणाऱ्या त्या बाई. तुझं बरोबर आहे, आहे मी भावनिक. पण खड्डा भावनिक नाही. तो दोन माणसं खोल आहे.

तुझी ताई


५ मार्च

धाकट्या,

काल तू घरी येऊन गेलास. मी दवाखान्यात डोळे तपासायला गेले होते आणि ते तुला ठाऊक होतं, कारण पहारेकऱ्याने सांगितलं, सरांनी विचारलं होतं ताई केव्हा बाहेर जातात म्हणून. इतक्या वर्षांनी तू माझ्या घरात आलास, बाबांच्या खुर्चीवर बसलास, माझ्या कपातून चहा घेतलास आणि मी यायच्या आत निघून गेलास. चहा कुणी केला होता? तुझ्या दाजींना तर गॅस पेटवता येत नाही. तूच केला असणार. साखरेचा डबा चुकीच्या फळीवर ठेवलाय.

तू काय सांगून गेलास ते त्यांनी मला लगेच सांगितलं नाही. जेवताना एकेक घास गिळावा तसं एकेक वाक्य बाहेर आलं. खड्डा उघडला तर काम थांबणार. काम थांबलं तर बांधणारा अंग काढून घेणार. त्याने अंग काढलं की कामगारांची इमारत गेली, कारण ती तो विक्रीच्या घरांच्या जोरावरच बांधणार आहे. पुढच्या आठवड्यात नगरपालिकेत सुनावणी आहे, तिथे ज्याने त्याने विचार करून बोलावं. आणि जाताना म्हणालास, ताईला समजवा.

समजवायला आता अख्खी रांग लागली आहे. शेजारीण पूर्वी भिंतीवरून हाक मारून निम्मा दिवस बोलायची, ती आता मला पाहिलं की वाळत घातलेले कपडे काढायला वळते, ओले असले तरी. तिची नात बालवाडीच्या वयाची आहे. मी तिला म्हटलं, तुझीच नात त्या मैदानात खेळणार आहे. ती म्हणाली, ‘ताई, पावसात पोरीच्या अंथरुणावर छत गळतं. आधी ते बघू की आधी तुमचा खड्डा?’ याचं उत्तर तुला सुचत असेल तर सांग.

आणि मी काही साधुसंत नाही. तुला खरं सांगते, दाजींना सांगितलेलं नाही. नमुन्याचं घर बघायला मी दोनदा जाऊन आले. स्वयंपाकघरात नळ आहे, पातळ दांड्याचा, एका बोटाने फिरतो. मी तो सारखा उघडत होते आणि बंद करत होते, शेवटी तिथला माणूस म्हणाला, आजी, पुरे. जन्मभर दुसऱ्यांच्या नळांना आकडे लावून टाकीत सोडले. स्वतःच्या घरात असा नळ असावा असं मलाही वाटतं. तुझ्या दाजींचे गुडघे गेलेत, तळमजला मिळाला तर दाराबाहेर उन्हात बसता येईल त्यांना. मला हे सगळं हवंय. हे मी बाजूला ठेवून बोलतेय, हे तू लक्षात घे.

आज दिवसभर बाबा डोळ्यासमोर आहेत. ते आपल्याला हसवायला एका नाकपुडीतून दोरा घालून दुसरीतून काढायचे आणि आपण टाळ्या पिटायचो. मधली भिंत टाकीच्या वाफेने खाल्ली होती हे मला फार उशिरा कळलं. टाकीवरच्या सगळ्याच माणसांना तो खेळ येत होता. आणि शेवटी छातीने दगा दिला तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरने विचारलं, यांना काही व्यसन होतं का? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, सिगारेट ओढायचे. बाबा. ज्यांना उदबत्तीच्या धुरानेही ठसका लागायचा. महिन्याभरात मालकांच्या शिफारशीवर तुला नोकरी लागली आणि तू या शहरातून गेलास तो गेलासच. मी तेव्हापासून तुझ्याशी बोलत नाही असं तू लोकांना सांगतोस म्हणे. मी बोलत होते. तू ऐकत नव्हतास.

सुनावणीत मी बोलणार आहे. तू गप्प राहिलास तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त खोटं बोलू नकोस. एवढंच मागते.

ताई


१३ मार्च

साहेब,

सुनावणी तुम्ही पाहिलीच आहे. पण तुम्ही व्यासपीठावर होतात आणि मी खाली, तिथून कसं दिसलं ते ऐका.

मी उठले. अधिकारी सभ्य माणूस, म्हणाला, आजी, बसून बोला. मी म्हटलं, बसून बोललं की माणूस बसल्यासारखंच बोलतो. मी खड्ड्याचं सांगितलं, नावाचं सांगितलं, वरच्या मातीचं सांगितलं. विकत घर घेणाऱ्यांतली दोन जोडपी एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, पोचलं. तेव्हा अधिकाऱ्याने जुन्या कामगारांकडे पाहिलं आणि विचारलं, काय हो, असं होतं का?

मुकादम काठी टेकून उभे राहिले. वय झालं तरी आवाज तोच. म्हणाले, ‘बाई टांगणी खात्यात होत्या, त्यांना आमच्या बाजूचं काय माहीत. बाग होती. आम्ही रोज तिला पाणी घालत होतो.’ यातलं शेवटचं वाक्य तर अगदी खरं होतं. म्हातारा खोटं बोलतानाही आब राखून बोलला.

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. एकाने बागेत बाक आणून ठेवला. दुसऱ्याने बाकावर सावलीला झाड धरलं. भट्टीवरचा तो तोतरा, त्याने तर कारंजं बसवलं, मुकादमांनी डोळे वटारले तेव्हा म्हणाला, म्हणजे लहानसं. शेजारीण म्हणाली, आम्ही डबा खायला तिथेच बसायचो. कामाला होता तो तिचा नवरा, ही बाई कारखान्यात नव्हतीच. आणि सगळ्यांचे चेहरे असे उजळले होते की विचारू नकोस. क्षणभर मला वाटलं, यांना खरंच आठवतंय. सगळा जन्म त्या वाफेत काढला, एक बाग तरी असायला हवी होती असं वाटत असेल बिचाऱ्यांना.

मग माझा नवरा उठला. मी त्यांच्या शर्टाला धरलं होतं, तरी उठले. म्हणाले, ‘लाल गुलाब होते. कलमं मी स्वतः लावली होती.’ आमच्या घरात एक कुंडी आहे, तिला त्यांनी आजवर पेलाभर पाणी घातलेलं नाही.

अधिकारी तुमच्याकडे वळला. सर, तुम्ही इथलेच ना? तुम्ही चष्मा काढून पुसलात. मी मनात म्हणत होते, म्हण आठवत नाही. फक्त आठवत नाही म्हण. तेवढ्यावर मी तुला माफ करीन. आणि तू म्हणालास, ‘हो, होती बाग. लहानपणी मी तिथे खेळलोय.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अधिकारी मला म्हणाला, वयोमानाने होतं असं, आजी. तू माझ्याकडे पाहिलंस का? मला दिसलं नाही. तेव्हा मी खाली बघत होते, आपल्याच माणसांची मला लाज वाटत होती.


१४ मार्च

तुझे दाजी सकाळी विचारतात, भाजीत मीठ का नाही? मी म्हटलं, आहे की. उठून सांगा सगळ्यांना, आहे म्हणून, चव येईल.

यापुढे पत्र नाही.


२७ सप्टेंबर

धाकट्या,

लिहिणार नव्हते. लिहावं लागतंय.

काल आम्हाला नव्या नकाशासाठी बोलावलं होतं. तुमच्या विक्रीच्या बाईने छडीने सगळं दाखवलं. बालवाडी मागून उचलून पुढे रस्त्याकडे आणली आहे, मैदानासकट. म्हणजे तू ऐकलंस. सगळ्यांदेखत मला वेडी ठरवलंस आणि नंतर गुपचूप मुलांना हलवलंस. मला खोटी ठरवून का होईना, पण पोरं वाचली. घरी येईपर्यंत तुला लिहायचं पत्र माझ्या मनात तयार झालं असतं, आणि ते गोड झालं असतं. पण तेवढ्यात तिची छडी पुढे सरकली.

आमची इमारत मागे नेली आहे. पाया जुन्या भिंतीपासून थोडा सोडून घेतलाय. आणि हिरव्या चौकोनावर आमच्या तळमजल्यांची मागची अंगणं. खास म्हाताऱ्यांसाठी, प्रत्येकाला स्वतःची बाग. टाळ्या झाल्या. ती म्हणाली, ‘एकच लक्षात ठेवायचं हं. झाडं कुंडीत लावायची. जमिनीत खणायचं नाही.’ तोतऱ्याने विचारलं, का? ती म्हणाली, सरांनी सांगितलंय.

टाळ्या कशा थांबल्या ते तू ऐकायला हवं होतंस. मुकादमांनी काठीची मूठ बदलली. तुझे दाजी आपल्या चपलांकडे बघत राहिले. तिथल्या प्रत्येकाला कळलं आणि कुणी एक शब्द बोललं नाही. काय बोलणार? बाग होती असं भर सुनावणीत सांगून बसलेली माणसं. त्यांना द्यायचं उत्तर तयारच आहे, बागेतच तर राहायला पाठवलंय तुम्हाला.

मी रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण विचार करायला फार वेळ लागला नाही. पैसे मोजून घरं घेणारे उद्या मातीत काही निघालं तर कोर्टात जातील. आम्ही कुठे जाणार? या सगळ्या शहरात ही एवढीच माणसं अशी आहेत की ज्यांना तक्रार करता येणार नाही, कारण त्यांचीच साक्ष आहे. ती तू बरोबर हेरलीस. पाय नळाखाली धरून बाबांनी तुला शिकवलं ते हेच का रे?

आज मुकादम घरी आले. त्यांच्या मागे शेजारीण, तोतरा, आणखी दोघे. बसले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले. शेवटी मुकादम म्हणाले, ‘तू लिही धाकट्याला. तुझा शब्द तो मोडायचा नाही.’ मला हसू आलं. मी म्हटलं, तुम्हीच जाऊन सांगा की. बाग नव्हती, एवढंच तर सांगायचंय. मुकादम म्हणाले, ‘आता कोणत्या तोंडानं सांगू?’ आणि सगळे उठले. चहा तसाच ठेवून गेले. तुझे दाजी आतल्या खोलीत होते, बाहेर आलेच नाहीत.

मला तुझा राग येतो तसा त्यांचा येत नाही. त्यांना छप्पर हवं होतं. तुला काय कमी होतं?

तरी लिहिते, कारण ते म्हणाले आणि त्यांच्यासाठी दुसरं कुणी लिहिणारं नाही. खणून काढ, किंवा आम्हाला हलव. या वेळी मी सभेत बोलणार नाही. तुझ्या कानात सांगितल्यासारखं सांगते.

ताई


१८ नोव्हेंबर, नवीन घर

धाकट्या,

त्या पत्राचं उत्तर आलं नाही, त्याला दोन वर्षं झाली. आम्ही इथे राहायला येऊन पहिला पावसाळा गेला. तू तर काम संपल्यावर दुसऱ्या शहरात गेलास, तुझा पत्ता त्या टेपवाल्या मुलीकडून मिळवला. तिने ती नोकरी सोडली आहे.

घर छान आहे. खोटं का सांगू. नळ एका बोटाने फिरतो. तुझे दाजी सकाळी मागच्या दाराबाहेर उन्हात खुर्ची टाकून बसतात. अंगणात गवत आहे, आणि कुंपणालगत सगळ्यांच्या कुंड्या अशा रांगेने, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला पाहुणा म्हणाला, जमिनीत का लावत नाही? तुझे दाजी म्हणाले, कुंडीत निगा राखता येते.

पाऊस संपून ऊन पडायला लागलं तशी भिंतीच्या तळाशी पिवळी पूड दिसायला लागली. लिंबाच्या सालीचा रंग. आधी कुंड्यांच्या बुडाशी, मग पायरीवर. पुसली की दोन दिवसांनी पुन्हा. सगळ्यांच्या दारात आहे आणि सगळ्या बायका आपापल्या दारात ती पहाटे पुसून टाकतात. एकमेकींकडे न बघता. परवा शेजारणीची नात आमच्या पायरीवर बसून त्या पुडीने फरशीवर चित्र काढत होती. मला म्हणाली, आजी, बघ सूर्य. बोट तोंडात घालून ओलं करायची आणि पुडीत बुडवायची.

मी तिला उचलून नळाखाली नेलं. हात धुतले, तोंड धुतलं, जीभ बाहेर काढायला लावून ती धुतली. ती रडायला लागली. मग मी फावडं घेतलं.

भर दुपारी, सगळ्यांदेखत, मी आमच्या अंगणात खणायला लागले. गवत निघालं. चांगली माती निघाली, काळी, भुसभुशीत. तुझे दाजी खुर्चीतून बघत होते. म्हणाले, ‘एक फुटावर थांब.’ बाकी काही नाही. मी म्हटलं, गुलाबाला दोन फूट लागतात, तुम्हाला माहीतच असेल, तुम्ही कलमं लावलेली आहेत. त्यांनी मान खाली घातली. पुढे माती चिकट झाली आणि तिला रंग आला. वास तोच. टाकीचा. इतक्या वर्षांनी नाकाला झोंबला आणि मला बाबा आठवले असं नाही म्हणणार, बाबा तिथे उभेच होते.

एकेक दार उघडलं. मुकादम आले, तोतरा आला, सगळे खड्ड्याभोवती उभे राहिले. मला वाटलं, आता तरी. आता बोलायची गरजही नव्हती, नुसतं बोट दाखवायचं होतं. मुकादम घरात गेले आणि घमेलं घेऊन आले. वाकता येत नाही, तरी वाकले. ती पिवळी माती त्यांनी पुन्हा खड्ड्यात लोटली, वर काळी लोटली, आणि बाकीचे हातभार लावत गेले. कुणी मला शिवी दिली नाही, कुणी रागावलं नाही. उलट तोतरा म्हणाला, ताई, सरका जरा, पाय भरतील तुमचे. शेवटी त्यावर गवताचे तुकडे बसवले आणि तुझ्या दाजींनी उठून आमची कुंडी वर ठेवली. शेजारीण जाताना माझ्या कानाशी म्हणाली, ‘पोरीला मी घरातच ठेवीन. पण कुणाला सांगू नका, पाया पडते.’

पण घमेलं यायच्या आधी मी लोणच्याच्या दोन बाटल्या भरून घेतल्या होत्या. दोन फुटांवरच्या मातीच्या.

काल मी तुझ्या दाजींना बाटल्यांचं आणि त्या कुठे धाडणार ते सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘मग आपण कुठे जायचं?’ इमारत रिकामी करायला लावतील. मुकादमांना या वयात कुठे नेऊन टाकतील ठाऊक नाही. ज्या शेजारणीने पाया पडते म्हटलं तिच्या पोरीच्या डोक्यावर पुन्हा गळकं छत येईल आणि ती मला जन्मात क्षमा करणार नाही. आणि मी म्हणेन की पोरीसाठी केलं. तेव्हा ते कुणाला खरं वाटणार नाही, आणि त्यांचंही बरोबर असेल.

सोबतची बाटली तुझी. झाकण घट्ट आहे, घरात उघडू नकोस, तुझ्याही घरात लहान मूल आहे असं ऐकलंय. ही पाठवतेय ती तुला विचारायला नाही आणि घाबरवायलाही नाही. दुसरी बाटली आज सकाळीच गेली, सुनावणीच्या त्या सभ्य अधिकाऱ्याकडे. टपालाच्या खिडकीवरच्या बाईने पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव द्यायचं नव्हतं, त्यांना त्यात ओढायचं नाही मला. मग मी माहेरचं आडनाव सांगितलं, बाबांचं, तुझं. ती म्हणाली, पूर्ण सांगा. मी पूर्ण सांगितलं.

ताई